वैलावरचं भांडं

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या सुरू होतात. चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, हल्ली तर चुलीवरची मिसळसुद्धा. अशाच एका ठिकाणी जेवण यायला वेळ होता म्हणून मी चुलींच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिले. सात-आठ चुली होत्या, गाडीतून उतरणाऱ्याला आधी त्याच दिसाव्यात अशा मांडलेल्या. अंगावर गेरू-चुन्याची नक्षी आणि प्रत्येकीत ढणढणता जाळ. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना. जेवून हात धुताना लक्षात आलं. एकाही चुलीला वैल नव्हता.

वैल म्हणजे चुलीचं पाठचं भावंड. कुठे त्याला अवेल म्हणतात, कुठे औल. चुलीला खेटून मातीचंच दुसरं गोल तोंड केलेलं असतं, वर भांडं टेकायला तीन उंचवटे. मात्र वैलाला जळण घालायला जागा नसते. मोठ्या चुलीच्या पोटातून एक बोगदा त्याच्यापर्यंत काढलेला असतो. तव्याखालून निसटलेली ज्वाळा आणि तापलेला धूर त्या वाटेने वैलात येतात आणि दुसऱ्या भांड्याच्या बुडाला लागून मगच बाहेर पडतात. पहिल्या भांड्याने टाकलेली आच दुसऱ्याने उचलायची, एवढाच त्याचा कारभार.

हमरस्त्यावरच्या चुलीला त्याची गरज नाही. तिथे जाळ दिसायला हवा, आणि वैल जाळ लपवतो.

घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची घरं सापडली, आणि त्या घरांत चुली होत्या. तीन दगडांच्या मांडणीपासून मातीच्या चुलीपर्यंतचा प्रवास म्हणजे वाऱ्याशी केलेलं भांडण. उघड्या जाळाची आच चहूकडे पळते, म्हणून तिला मातीच्या भिंती घातल्या. तरी ती मागून सटकायचीच, म्हणून मागच्या वाटेवर दुसरं भांडं बसवलं. हे करणाऱ्या बाईला उष्णतेचं शास्त्र ठाऊक असायचं कारण नव्हतं. मोळी डोक्यावरून कुणी आणली हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, कारण बहुतेक वेळा ती तिनेच आणलेली असायची.

माझ्या आजोळी चूल पेटली की कामांचा क्रम ठरलेला असे. मोठ्या तोंडावर भाकरीचा तवा, वैलावर तुरीच्या डाळीचं पातेलं. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर उभी करायची, तिथे ती टम्म फुगायची. भाकऱ्यांची चळत होईस्तोवर डाळ मऊ झालेली असे. ती उतरली की वैलावर दूध, आणि त्याला मंद आच मिळाल्याने वर बोटभर साय. जाळ ओढून घेतला की उरलेल्या आरात भरताचं वांगं खुपसायचं. चुलीमागच्या भाणवसावर मिठाचा सट ठेवलेला, पावसाळ्यातही कोरडा. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून विस्तव राखायचा, म्हणजे सकाळी काडी ओढायला नको. ज्या घरचा विस्तव विझला, त्या घरची पोर शेणकूट घेऊन शेजारी विस्तव मागायला यायची. विझलेल्या राखेने भांडी घासायची, उरलेली राख कडधान्याला चोळून ठेवायची, कीड लागू नये म्हणून. एका जाळाची इतकी कामं, आणि यातल्या कशालाही कुणी बचत म्हटलं नाही.

या सगळ्यामागचं एक कारण मला फार उशिरा कळलं. चूल हवी तेव्हा बंद करता येत नाही. एकदा लाकडांनी पेट घेतला की ती जळणार, तुमची डाळ शिजलेली असो वा नसो. लाकूड बाहेर ओढून पाणी शिंपडता येतं, पण चुलीतली माती तापलेली असते, निखारे पडलेले असतात, तेवढी आच वाया जायचीच. म्हणून चुलीपुढच्या बाईचं सगळं कसब क्रमात होतं. पेटलेलं आहे तोवर काय काय उरकता येईल? आमंत्रणातही तोच हिशोब. चूलबंद आवतण म्हणजे साऱ्या घराला जेवायला बोलावणं. तुमच्याकडे आज चूल पेटवूच नका, हे त्यातलं अगत्य.

आता या वैलाची आरती ओवाळावी असं वाटू लागतं, पण तिथे थांबायला हवं. वैलाला धुराडं नव्हतं. दुसऱ्या भांड्याला लागून निघालेला धूर सरळ स्वयंपाकघरात यायचा, फुंकणी घेऊन वाकलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जायचा. माझ्या आजीच्या खोकल्याला घरात कुणी आजार म्हणत नसे, तो तिचा आवाजच होता. लाकडाची बचत झाली खरी, पण तिची किंमत कुणी भरली हे काळ्याकुट्ट आढ्यावर लिहिलेलं होतं.

हे पहिल्यांदा गांभीर्याने मनावर घेतलं ते वर्ध्याच्या मंडळींनी. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, गांधीजींनी जे. सी. कुमारप्पांकडे त्याचं काम सोपवलं आणि मगनवाडीत घाणी, कागद, मधमाश्या अशा प्रयोगांबरोबर चूलही आली. मगन चूल या नावाने ती पुढे ओळखली गेली. तिकडे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजूंनी निर्धूर चूल बसवली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका काढली. या चुली नीट पाहिल्या तर त्यांत आपला वैलच दिसतो. जाळ एका तोंडाशी, धुराची वाट दुसऱ्या-तिसऱ्या भांड्याखालून, आणि शेवटी, पूर्वी जिथे नुसतं भोक होतं तिथे, धुराडं.

डिसेंबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ साली तो गुंडाळेपर्यंत देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या, निदान कागदावर. त्यांतल्या कितीतरी वर्षा-दोन वर्षांत मोडल्या किंवा जुन्या वळणावर गेल्या. धुराडं काजळीने भरायचं, ते साफ करायला छपरावर कोण चढणार? साच्यातून काढलेल्या चुलीचं तोंड ठरल्या मापाचं, आणि घरातलं पातेलं आजेसासूच्या वेळचं. बायकांनी विळ्याने तोंड रुंद केलं, बोगदा मोठा केला, झालं. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण भांडणांसाठी वापरतो, पण तिचा सरळ अर्थही खरा आहे. प्रत्येक घरची चूल त्या घरच्या भांड्यांच्या मापाची आणि तिथल्या बाईच्या हाताची असते. तीन कोटी घरांना एकच साचा पुरेल असं मानणाऱ्याने कधी चूल सारवली नसावी.

शहरात वैल याच्या कितीतरी आधी गेला. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत मातीची चूल कुठे घालणार? तिथे आली लोखंडी शेगडी आणि गल्लीच्या तोंडाशी कोळशाची वखार. जळण आता डोक्यावरून येईना, वजनावर विकत येऊ लागलं. त्यामुळे काटकसर हरवली नाही, तिने वेश बदलला. वखारीतून आलेल्या पोत्याच्या तळाशी राहिलेली भुकटी शेणामातीत कालवून तिचे गोळे करायचे आणि गॅलरीत वाळत घालायचे. कपड्यांना डाग पडतात म्हणून खालच्या मजल्याशी भांडण ठरलेलं.

भुशाची शेगडी मात्र मला फार हुशारीची वस्तू वाटते. पत्र्याचा डबा घ्यायचा, खाली बाजूला एक भोक. आत मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून एक लाकडी दांडा तिच्यापर्यंत आडवा घालायचा आणि सभोवार लाकडाच्या वखारीतला भुसा ठासठासून भरायचा. मग बाटली अलगद फिरवत काढायची, दांडाही ओढून घ्यायचा. मागे उरतो भुशाचाच चिमणीसारखा पोकळ गाभा. खालून चिपाट पेटवून सरकवलं की तो गाभा आतून बाहेर तासन्‌तास धुमसत राहतो. भुसा नीट ठासला नसेल तर तो मध्येच ढासळतो आणि स्वयंपाक अर्ध्यावर राहतो. म्हणून घरात ठासायचं काम एकाच माणसाकडे असायचं. ही शेगडीही मध्येच बंद करता येत नव्हती, त्यामुळे तिच्यापुढेही कामं रांगेने उभी राहायची. आधी भात, मग आमटी, मग दूध आणि सगळ्यात शेवटी धुण्याचं पाणी.

आंघोळीसाठी तांब्याचा बंब होता. पाण्याच्या पिंपाच्या पोटातूनच जाळाची नळी वर जाते, म्हणजे जाळाला चारी बाजूंनी पाण्याचा वेढा. रेल्वेच्या इंजिनाच्या बाष्पकातही तापलेला धूर पाण्यातून गेलेल्या नळ्यांमधूनच धुराड्याकडे जातो. वरच्या नरसाळ्यात एक तांब्या गार पाणी ओतायचं, तेव्हा तोटीतून एक तांब्या कढत पाणी यायचं. ओतल्याशिवाय मिळायचं नाही. पाण्याचा इतका चोख हिशोब आजचा गिझरसुद्धा मागत नाही.

मग घरात स्टोव्ह आला, आणि या कहाणीचं वळण मला तिथे दिसतं. १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने वात नसलेला, दाबाखाली रॉकेलची वाफ करून जाळणारा स्टोव्ह बनवला. तोच प्रायमस. आपल्याकडे त्याची बरीच नावं झाली, पण विधी एकच. स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा लावायचा, पंप मारायचा, अडला तर पिन मारायची, आणि फर्र आवाज सुरू झाला की घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. या स्टोव्हला वैल नव्हता. त्याच्याकडे दुसरीच वस्तू होती, हवा सोडायची चावी. ती फिरवली की जाळ जागच्या जागी विझायचा.

माझ्या मते इंधन वाचवण्याच्या दोन जाती आहेत. एक वैलाची, दुसरी चावीची. वैलाची काटकसर म्हणते, पेटलंच आहे तर आणखी काय करता येईल? चावीची म्हणते, झालं ना काम, मग बंद कर. पहिलीला घडी बसवावी लागते, दुसरीला फक्त लक्ष लागतं. स्टोव्ह, गॅस, विजेचा दिवा, पंखा, सगळी चावीची प्रजा. ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारने काटकसर शिकवायला घेतली, १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना उभी राहिली आणि फरिदाबादच्या इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने नूतन हा वातीचा स्टोव्ह तयार केला. त्या काळापासूनच्या सूचना आठवून पाहा. वात बारीक करा, गॅस बंद करा, दिवे मालवा. सगळ्या चावीच्या. त्या चूक नाहीत. पण त्यांत दुसरं भांडं कुठेच नाही.

गॅसची शेगडी पाहा. तिला दोन बर्नर असतात आणि दोघांना आपापला जाळ. पातेल्याच्या कडेने वर जाणारी आच ओट्यावरून थेट छताला जाते, तिला वाटेत अडवणारं कुणी नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर बर्माशेलने मुंबईत बर्शेन नावाने हा गॅस विकायला सुरुवात केली. पुढची तीस-पस्तीस वर्षं मध्यमवर्गीय घरं नंबर लावून जोडणीची वाट पाहत राहिली. धूर गेला, डोळ्यांची आग थांबली, पाठ सरळ झाली. याच्यासमोर वैल गेल्याचं दुःख करणं हे पुरुषी लाड वाटतात, आणि ते बहुधा जेवायला बसणाऱ्यालाच परवडतात.

गॅसने एक चांगली सवय मात्र लावली. सिलिंडरला काटा नसतो, आत किती उरलंय ते दिसत नाही. म्हणून नवा लावला की भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकटीत ‘गॅस’ असं लिहायचं. कालनिर्णय निघालं तेही १९७३ सालीच. चतुर्थी, दूधवाल्याचे खाडे आणि गॅस, सगळं एका पानावर. पन्नास दिवस चालणारा सिलिंडर एखाद्या खेपेला अडतिसाव्या दिवशी संपला की त्या महिन्यात कोण पाहुणे आले होते याची उजळणी व्हायची. घरगुती ऊर्जेचा इतका काटेकोर आढावा पुढे कुठल्या मोठ्या कचेरीत मला पाहायला मिळाला नाही.

पण वैल खरंच गेला का? त्याने दिशा बदलली, असं मला वाटतं. आडवा होता तो उभा झाला.

त्याची चाहूल जुन्याच एका रीतीत आहे. भाजी वाफेवर शिजवताना पातेल्यावर ताट ठेवून त्यात पाणी घालायचं. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ व्हायला आणखी ५४०. सातपटीहून जास्त. म्हणजे झाकण न ठेवता रटरटणारं पातेलं भाजी कमी आणि घराची हवा जास्त शिजवत असतं. ताट ठेवलं की ती वाफ ताटाच्या बुडाला लागते, परत पाणी होते आणि जाताना आपल्याजवळची उष्णता ताटातल्या पाण्याला देते. भाजी कोरडी पडली तर तेच गरम पाणी आत ओतायचं, म्हणजे शिजण्याचा वेग मोडत नाही. भांड्याच्या डोक्यावर बसवलेला वैलच तो.

ही गोष्ट पूर्ण यंत्रात उतरवली ती कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी. १९१० साली त्यांनी इकमिक कुकर बनवला. उंच नळकांड्यात एकावर एक डबे, तळाला मूठभर कोळशाची शेगडी. पुरीच्या जगन्नाथाच्या स्वयंपाकघरात एकावर एक रचलेली मडकी पाहून त्यांना हे सुचलं असं सांगतात. खाली डाळ, वर भात, त्यावर भाजी. लावून कामाला निघून जायचं, परत येईपर्यंत जेवण तयार आणि गरम. खोली करून राहणाऱ्या एकट्या माणसाला याहून दुसरं काय हवं?

त्याच वाटेने पुढे पुण्याची आरती ही संस्था गेली. डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतात जाळून टाकला जाणारा उसाचा पाला घेतला, त्याचा कोळसा करून कांड्या पाडल्या आणि त्यांवर चालणारा ‘सराई’ कुकर काढला. शंभर ग्रॅम कोळशात पाच माणसांचा वरणभात-भाजी. उसाच्या पाल्यापासून कोळसा करण्याच्या कामाला २००२ साली लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शंभर ग्रॅम म्हणजे ओंजळभरसुद्धा नाही. मुख्य म्हणजे कोळसा संपला की तो आपोआप विझतो. पाहत बसावं लागत नाही, चावीही लागत नाही.

प्रेशर कुकरची वंशावळ वेगळी. फ्रान्समधून लंडनला आलेल्या देनी पापाँने १६७९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे बंद भांड्यात हाडं मऊ करून दाखवली आणि भांडं फुटू नये म्हणून त्याला दाब सोडणारी झडप बसवली. कुकरची शिट्टी त्या झडपेची नात. आत दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास जातं, आणि तुरीची डाळ तासाऐवजी मिनिटांत शिजते. महाबळेश्वरला याचं मोल जास्त कळतं. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी शंभराच्या चार-पाच अंश आधीच उकळतं आणि डाळ हट्टाला पेटते. १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स सुरू झाली, त्याच सुमारास दक्षिणेत टीटीकेचा प्रेस्टीज बनू लागला. मराठी घराने ते यंत्र घेतलं आणि त्यात वैल घातला. तळाच्या पाण्यात बटाटे, त्यावर हळद-हिंग घातलेल्या डाळीचा डबा, त्यावर भाताचा. एका बर्नरवर तिघांचं शिजतं. कंपनीची पुस्तिका सांगते की पूर्ण दाब आला की आच मंद करा आणि मिनिटं मोजा. आपण ते कधीच ऐकलं नाही. आपण शिट्ट्या मोजतो, आणि प्रत्येक शिट्टीबरोबर ग्रॅमाला ५४० कॅलरी खिडकीबाहेर जातात. सगळी बिल्डिंग मोजत असते, हा त्यातला करमणुकीचा भाग.

तरीही कुकरने मराठीला एक क्रियापद दिलं, ज्यात दोन्ही काटकसरी एकत्र आल्या आहेत. कुकर लावतात, कुकर होतो आणि मग कुकर पडतो. गॅसची चावी बंद झालेली असते, जाळ नसतो. आत मात्र भाताचं शीत अजून फुगत असतं, तूर अजून विरघळत असते, उरलेल्या आचेवर. त्या दहा मिनिटांत घाई करून कुणी चमच्याने शिट्टी उचलली की फस्सकन वाफेचा झोत ट्यूबलाइटपर्यंत जातो, डाळीचे पिवळे शिंतोडे फरशीवर उडतात आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, “अगं, पडू दे की आधी!”